ओली भिंत आणि चुन्याचा हात

बाबासाहेबांची जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांतून घरे रंगवण्याची लगबग सुरू होते. वेळही योग्यच, कारण एप्रिलात भिंती कोरड्या असतात. पण हौसेने दिलेल्या ऑइलपेंटला पुढच्या श्रावणातच फुगे येतात, पोपडे सुटतात. ओव्हरटाइम करून जमवलेले पैसे भिंतीवरून गळून पडतात आणि दोष येतो रंगवाल्याच्या माथी!

भगिनींनो, साडेचार इंची विटेची भिंत पाणी पिते. ते पाणी बाहेर पडू पाहते आणि ऑइलपेंटचा थर वाट अडवतो. मग ते रंगालाच ढकलून देते. काळ्या बुरशीचा त्रास तर वेगळाच. दमेकरी माणसाला आणि लहान मुलांना त्या भिंतीशेजारी झोपवू नये.

म्हणून आधी पाणी येते कोठून ते शोधावे. पावसाळ्यात हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी भिंतीतूनच येते. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती स्वयंपाकाची आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ. तिला खिडकी उघडी ठेवणे हेच औषध. जमिनीलगत पांढरा लोणा फुटत असेल तर ओल खालून चढते आहे. फुटकी पन्हळ, गळका नळ किंवा भिंतीला टेकलेला मातीचा ढीग याचा बंदोबस्त केल्याशिवाय कोणताच रंग टिकत नाही.

अशा भिंतीला आपला जुना चुनाच बरा. तो स्वस्त आहे, आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. हवेतला कार्बन वायू शोषून तो हळूहळू घट्ट होतो. मात्र तो ऑइलपेंटवर धरत नाही, जुना रंग खरवडावाच लागतो. तो भिंत ओली करून खरवडावा, धूळ उडू देऊ नये, मुलांना बाहेर पाठवावे. जुन्या रंगांत शिसे असते. 2016 च्या नियमांनी घरगुती रंगातील शिशावर दहा लाख भागांत 90 भाग अशी मर्यादा घातली, पण भिंतीवरचा रंग त्याआधीचा असू शकतो.

चुनकळी भिजवणे हे मुलांसमोर करायचे काम नव्हे. पाण्यात पडताच ती उकळते, शिंतोडे उडतात. डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे, मग थोडी थोडी चुनकळी सोडावी. ॲल्युमिनियमचे पातेले मुळीच वापरू नये, चुना ते खातो. डोळ्यात शिंतोडा गेलाच तर वीस मिनिटे तरी स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

एक दिवस मुरलेला चुना फडक्याने गाळावा. पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ, हाताला लागू नये म्हणून थोडा सरस. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ हात द्यावा, तो वाळल्यावरच दुसरा. जाड हात दिला तर चुना खपल्यांनी सुटतो.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे. भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर ओल्या भिंतीवर लावू नये. दुसरी जागाच नसेल तर चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत लाकडाचे छोटे तुकडे चिकटवावेत. मागून हवा खेळते आणि कागदाला डाग पडत नाहीत.