परळला पोचलेली बाळं

महाडचं नाव वैद्यकाच्या जगात गेलं ते विंचवामुळे. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसं पाहिली, बिछान्याशी बसून नोंदी ठेवल्या आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या विषाच्या परिणामावर चालते हे दाखवून दिलं. गोळी स्वस्त होती, खिशात मावणारी होती. ती गावात पोचली आणि पोरं गावातच वाचायला लागली.

अन्ननलिकेचं तसं होऊ शकत नाही. जन्मतःच अन्ननलिका तुटक असलेलं बाळ महाडशेजारच्या पोलादपूरच्या एखाद्या वाडीत जन्मलं, तर उपचार तिकडे जात नाही. बाळालाच उठून मुंबईत परळला जावं लागतं, आणि तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. वाडिया आणि केईएम ही दोन्ही रुग्णालयं १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात परळला उभी राहिली, एकमेकांच्या जवळच. महाडहून तिथवरचं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात शल्यविशारदांची नावं भरपूर सापडतात. हे अंतर मात्र त्यात कुठे येत नाही, आणि माझ्या मते कोणत्या मुलाला नवी अन्ननलिका लागणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

तीन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष असतो. बहुतेकांमध्ये अन्ननलिकेचा वरचा भाग पिशवीसारखा बंद असतो आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला. बाळाच्या तोंडाला सतत फेस येतो, पहिलं दूध पाजलं की ठसका लागतो, अंग निळं पडतं. ओळखायची पद्धत फार सोपी आहे. तोंडातून एक जाडसर रबरी नळी आत घालायची. ती दहाएक सेंटीमीटरवर अडली, तर पाजणं ताबडतोब थांबवायचं, डोकं उंच ठेवायचं, लाळ ओढून काढत राहायचं आणि बाळ पुढे पाठवायचं. ही नळी काही रुपयांची असते. पण फेस पुसून ‘बाळ जरा लाळ गाळतंय’ म्हणत मधाचं बोट चाटवलं, वर आणखी दोनदा दूध पाजून पाहिलं, की ते सगळं फुप्फुसात उतरतं. मग परळला पोचतं ते न्यूमोनियाने धापा टाकणारं बाळ, आणि तिथल्या सर्जनच्या हातातले पर्याय कमी झालेले असतात.

१९३९पर्यंत अशी बाळं जगत नसत. त्या वर्षी अमेरिकेत लोगन लेव्हन आणि विल्यम लॅड यांनी वेगवेगळ्या शहरांत एकेक बाळ वाचवलं, पण तुटलेली टोकं न जोडता. पोटात नळी बसवली, मानेवर भोक ठेवलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने अन्नासाठी दुसरी वाट तयार केली. टोकं थेट जोडण्यात पहिलं यश कॅमेरॉन हाइट यांना १९४१मध्ये मिळालं. म्हणजे अन्ननलिका बदलून बाळ जगवता येतं हे जोडण्याच्या आधी सिद्ध झालं. गंमत अशी, की पुढची सगळी वर्षं बदलण्याची वेळच येऊ नये याच खटपटीत गेली. किमुरा यांनी वरचं टोक हळूहळू लांबवण्याची रीत आणली, १९९७मध्ये फोकर यांनी दोन्ही टोकांना टाके घालून ती ताणत वाढवून दाखवली. आपली स्वतःची अन्ननलिका, कितीही जोडजाड केलेली असली, तरी उसन्या नळीपेक्षा बरी, यावर बालशल्यविशारदांचं जवळपास एकमत आहे.

तरीही काही मुलं उरतात. काहींच्या दोन टोकांत अंतरच फार असतं. काहींची जोड उसवते. अशांसाठी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात डेव्हिड वॉटरस्टन यांनी मोठ्या आतड्याचा तुकडा छातीत नेऊन बसवला, आणि ती पद्धत अनेक वर्षं चालली. पण आतडं वयाबरोबर सैल होतं, अन्न त्यात रेंगाळतं. १९८१पासून त्याच रुग्णालयात लुईस स्पिट्झ यांनी सबंध जठरच वर ओढून मानेत जोडायला सुरुवात केली. जोड एकच, रक्तपुरवठा भरवशाचा. त्यांनी २००४मध्ये १७३ मुलांचा हिशेब मांडला, त्यात मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. हिशेबाची दुसरी बाजूही आहे: जठर छातीत गेल्यावर पोटात साठवणीची जागा राहत नाही. मूल थोडं थोडं, दिवसातून अनेकदा खातं आणि अंगाने बारीक राहतं.

ही मोठी शस्त्रक्रिया सहसा बाळ वर्षाच्या आसपास आलं, वजन धरलं की करतात. मधले महिने बाळ घरी असतं, पोटात नळी आणि मानेवर भोक घेऊन. ग्रंथांत या काळावर एखादा परिच्छेद असतो. घरी ते आख्खं वर्ष असतं. लाळ मानेतून वाहते, कातडी सोलवटते. फडकी दिवसभर बदलावी लागतात आणि पोलादपूरच्या पावसात चार-चार दिवस वाळत नाहीत. पोटातल्या नळीतून द्यायचं दूध आणि पेज गाळून पातळ करावी लागते, नाहीतर नळी तुंबते. नळी रात्री निसटली तर भोक काही तासांत आवळायला लागतं.

याशिवाय एक काम असं आहे, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते चेष्टाच वाटेल. बाळाला तोंडाने दूध भरवायचं, ते मानेच्या भोकातून बाहेर येऊ द्यायचं, फडक्याने टिपायचं आणि त्याच वेळी पोटाच्या नळीतून खरं दूध सोडायचं. कारण पहिल्या वर्षात गिळायला न शिकलेलं मूल पुढे नवी नळी बसवल्यावरही घास तोंडात धरून बसतं. चव, गिळणं आणि पोट भरणं यांची सांगड त्या महिन्यांतच पडते. हे काम आई करते, बहुधा सासूच्या ‘सांडून काय मिळतं?’ या प्रश्नाला तोंड देत. शस्त्रक्रियेच्या यशातला तिचा वाटा कोणत्याही तक्त्यात मोजलेला मी पाहिला नाही.

भारतीय सर्जनांनी ही अडचण लवकर ओळखली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. डी. के. गुप्ता यांच्या पथकाने निवडक नवजात बाळांत जठर लगेचच वर ओढून बसवण्याचा मार्ग धरला. धोका होता. पण मानेवर भोक घेऊन गावी गेलेलं बाळ वर्षभर तगेल याची खात्री कुणी द्यायची? लंडनमधल्या आईच्या दाराशी परिचारिका येते, आपल्याकडे येत नाही, हे गृहीत धरून घेतलेला तो निर्णय होता. मला तो फार आवडतो.

नवी अन्ननलिका लागण्याची दुसरी वाट दाहक रसायनांची. संडास साफ करायचं अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवायचे आणि पोराने ते तोंडाला लावायचं. जळलेली अन्ननलिका आक्रसते. मग ती पुन्हा पुन्हा रुंदावत राहायचं, महिनोन्‌महिने मुंबईच्या खेपा. अमेरिकेत शेव्हॅलिअर जॅक्सन या डॉक्टरांनी पाठपुरावा करून अशा डब्यांवर धोक्याचा इशारा छापायला लावणारा कायदा १९२७मध्ये करून घेतला. आपल्याकडे अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये बंधनं आणली, ती अ‍ॅसिडहल्ल्यांमुळे. घरातल्या बाटलीचा विचार त्यात नव्हता.

महाडहून होणाऱ्या या खेपांचं खरंखुरं स्वरूप रस्ता ठरवतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. जुलै २०२१मध्ये महाड पाण्याखाली गेलं, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यात दरडी आल्या. अशा आठवड्यात चुकलेली एक खेप म्हणजे पुन्हा आवळलेली अन्ननलिका.

पैशाच्या बाजूने मात्र चित्र बदललं. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाडचा रायगड जिल्हा होता. २०१३मध्ये बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम पालघरहून सुरू झाला आणि २०१४मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. त्या राष्ट्रीय कार्यक्रमात जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत: दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयदोष वगैरे. अन्ननलिका त्यात नाही. अंगणवाडीत तपासून सापडण्याचा हा दोष नव्हेच, हे मान्य. पण म्हणूनच प्रसूतिकक्षातल्या त्या रबरी नळीला कुणी वाली नाही.

पूर्वी जठर किंवा आतडं वर बसवलेली मुलं आता मोठी झाली आहेत, कामाधंद्याला लागली आहेत. त्यातलं कुणी खोकला झाला म्हणून गावातल्या डॉक्टरकडे गेलं, तर छातीच्या एक्स-रेमध्ये हवा आणि पाण्याची आडवी रेघ दिसते. माहिती नसलेल्याला तो गळूचा प्रकार वाटू शकतो, आणि तिथे सुई घातली तर जठरात जाते. मानेवरचा व्रण बघून विचारणारा डॉक्टर भेटेलच असं नाही. म्हणून अशा प्रत्येकाने डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. कागद महाडच्या पुरात टिकत नाहीत.