पाऊणशे लिटर, एक मीटर, एक सेकंद

विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवायची की साडेसातची? बहुतेकदा शेजाऱ्याकडे कोणती आहे ते पाहून हे ठरतं! खरं उत्तर मात्र दोनच आकड्यांपासून सुरू होतं: पाणी किती आणि उंची किती.

1780च्या दशकात जेम्स वॉट वाफेची इंजिनं विकत होता. गिऱ्हाइकांना कळायला हवं होतं, हे धूड किती घोड्यांचं काम करेल? वॉटनं गिरणीला जुंपलेल्या घोड्यांवरून हिशेब मांडला: 33,000 पौंड वजन मिनिटाला एक फूट वर. आपल्या मापात, जवळजवळ 75 किलो सेकंदाला एक मीटर वर. आणि लिटरभर पाणी भरतं एक किलो! म्हणजे सेकंदाला पाऊणशे लिटर पाणी मीटरभर चढलं, की झाला एक एचपी. किती सोपं!

आता आपली विहीर घ्या. तासाला 36,000 लिटर हवंय, म्हणजे सेकंदाला 10. पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंत उंची 20 मीटर. दहा गुणिले वीस, भागिले 75. उत्तर 2.67. मग पाचची मोटर कशाला?

कारण पाइप पाण्याला फुकट जाऊ देत नाही. आडवा पाइप कितीही लांब असो, गुरुत्वाकर्षणाला त्याचं काही नाही. घर्षणाला मात्र आहे. आणि हे घर्षण भलतंच चमत्कारिक. तेवढंच पाणी तीन इंचीऐवजी दोन इंची पाइपातून काढा, घर्षण दीडपट नाही, सुमारे साडेसात पट होतं! पाइपात वाचवलेले पैसे वीजबिलात जातात ते असे.

आपला पाइप ऐसपैस आहे, घर्षणाचे दोनच मीटर धरू. उंची झाली 22, उत्तर 2.93. पण पंपातही पाणी घुसळतं, भोवरे उठतात. दिलेल्या ताकदीतली 60 टक्केच पाण्याला मिळाली, तर 2.93 भागिले 0.6. आले 4.9! पाचची मोटर बरोबर बसली.

एका ठिकाणी मात्र एचपीचं काही चालत नाही. पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त पाइपातला दाब कमी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद समुद्रसपाटीलाही जेमतेम 10.3 मीटरची, व्यवहारात सात-आठच. पंधरा मीटर खोल पाण्यासाठी काठावर शंभर एचपीचा पंप ठेवा, थेंब येणार नाही. मग पाण्यात बुडवलेली साधी पाणबुडी मोटर ते कसं काढते? ती खालून ढकलते, आणि ढकलण्याला हवेची मर्यादा नाही.