देणारा हात मागतो तेव्हा

आईवडिलांच्या पुण्यतिथीस दान करण्याची रीत व्यापारी घराण्यांत जुनीच आहे. पांजरपोळास चारा, पाठशाळेस वह्या, मंदिरात एखादी बोली. रक्कम धर्मादा खात्यातून निघते, पावती येते आणि वही मिटते.

अलीकडे तरुण मंडळींनी याला एक वेगळी जोड दिली आहे. वडिलांच्या स्मरणार्थ एकवीस किलोमीटर धावण्याचा संकल्प सोडायचा आणि त्या निमित्ताने परिचितांकडून एखाद्या सेवाकार्यासाठी देणगी मिळवायची. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून तिकडे ही पद्धत चांगलीच रुळली. छत्रपती संभाजीनगरात धावणे ज्यांना मानवत नाही त्यांच्यासाठी कार्तिकी पौर्णिमेची कचनेरची पदयात्रा आहेच. अडचण पायांची नाहीच. ती जिभेची आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराने दिले, त्या घरच्या मुलाला समोरच्या दुकानात जाऊन मागणे जड जाते.

मुंबईत दोन मातांची नावे आजही ठळकपणे उभी आहेत. सुरतेचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८७८ साली पूर्ण झालेला तो राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाने ओळखला जातो. मधल्या काळात, १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत, प्रेमचंदांची संपत्ती गेली. आईचे नाव मात्र राहिले.

दुसरे नाव नाथीबाईंचे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. ही रक्कम सर्वांच्या लक्षात राहते. तिच्यामागे कर्व्यांची जवळजवळ पाव शतकाची पायपीट होती, हे सहसा विसरले जाते. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यापासून ते वर्गणीसाठी गावोगाव हिंडत होते. विधवेशी विवाह केलेला हा प्राध्यापक दारात आला की किती घरांतील माणसे आत निघून गेली असतील, याची कल्पनाच करावी. १९१६ साली विद्यापीठ निघाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. त्या आधीच्या लहान लहान वर्गण्यांवाचून ठाकरसींच्या पंधरा लाखांना पाय टेकायला जागा तरी कुठे मिळाली असती?

म्हणून संकल्प करणाऱ्याने मोठ्या आकड्यामागे धावू नये. पहिली रक्कम स्वतःची लिहावी, प्रवासाचा व पोशाखाचा खर्च तिच्यात मिसळू नये. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी रोख देणगीची मर्यादा दोन हजार रुपयांचीच आहे, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगणे नको. आणि देणगीदारांची यादी रकमेच्या उतरंडीने लावू नये. वडिलांच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेल्या मुनीमजींचे एकशे एक रुपये त्या यादीत तळाशी ढकलले गेले, तर स्मरण कोणाचे झाले?

शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून रुग्ण येतात. त्यांच्या सोबत्यांच्या जेवणाची, मुक्कामाची सोय, एवढे उद्दिष्टही पहिल्या वर्षी पुरेसे आहे.

कर्व्यांचे मागणे मात्र पंधरा लाखांनंतरही थांबले नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी ते पुण्यात पुन्हा घरोघर वर्गणी मागत पायी फिरू लागले.