संगणकाची हाक ऐका!

विद्यार्थिमित्रांनो, कळ दाबली, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून ‘बीप’ ऐकू आले, तर घाबरू नका; बीप मोजा.

सुरू होताच संगणक स्वतःची तपासणी करतो. पडदा चालवणारे मंडळच बिघडले असेल, तर तक्रार लिहिणार कुठे? म्हणून तो आवाजाने सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक आखूड बीप म्हणजे ‘सर्व ठीक’. एक लांब, दोन आखूड म्हणजे चित्रमंडळात दोष. ही सांकेतिक भाषा प्रत्येक उत्पादकाची निराळी असते. म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

दांडीसारख्या समुद्रकाठच्या गावात खारी, दमट हवा धातू गंजवते. रॅमच्या पट्टीच्या संपर्कटोकांवर पातळ थर बसला, की चांगली पट्टीही संगणकाला ‘दिसत’ नाही. अशा वेळी शिक्षकांच्या देखरेखीखाली वीजजोडणी काढा. अंगावरची स्थितिक वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. टोके कोरड्या, मऊ कापडाने पुसून पट्टी घट्ट बसवा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नका. तिच्या धारित्रांत धोकादायक विद्युतभार उरलेला असतो.

एका वेळी एकच बदल करा, म्हणजे दोष नेमका कळेल. भंगारात निघालेला संगणक कदाचित एवढ्यानेच पुन्हा वर्गात येईल!