पांढरं पडलेलं प्रवाळ आणि अंगणवाडीचा तक्ता

प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं लाल पोवळं आठवतं. ते खोल समुद्रातलं, वेगळं. आज आम्ही सांगणार आहोत ते उथळ पाण्यात खडकाला धरून वाढणाऱ्या प्रवाळाबद्दल. आपल्या महाराष्ट्रात ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं.

प्रवाळ दगडासारखं दिसलं, तरी ती बारीक प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि प्राण्याला देतं. रंगही बहुतेक त्याचाच. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्राणी हे शेवाळ बाहेर टाकतो. खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात.

पांढरं झालं म्हणजे मेलं असं नाही, ते उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं. ताप लांबला तर मात्र प्रवाळ मरतं. मालवणच्या प्रवाळाचं विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. २०२४ साली लक्षद्वीपचं प्रवाळही पांढरं पडलं.

मग तपासणी कशी करतात? अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन तक्त्यावर मांडतात ना, तशीच. एका वजनावरून फार कळत नाही, रेघ खाली वळली की कळतं. पाणबुडे ठरलेल्या जागी टेप पसरतात, फोटो काढतात, रंगाच्या कार्डाशी प्रवाळ जुळवून पाहतात. पुन्हा त्याच जागी जाऊन तेच करतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान पाहून इशारा देते.

इशाऱ्याने समुद्र थंड होत नाही. पण आजारी प्रवाळावरचा बाकीचा त्रास कमी करता येतो: तिथे नांगर टाकू नये, पर्यटकांनी त्यावर उभं राहू नये, जाळी आणि प्लास्टिक टाकू नये. प्रवाळाच्या कपारीत माशांची पिल्लं वाढतात. मालवणच्या मासे विकणाऱ्या, पर्यटकांना जेवण देणाऱ्या बायकांची चूल त्यावर पेटते.

गटाची सहल मालवणला गेली, तर प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून विकत घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.