आभाळातला नांगर

डिसेंबरच्या मध्यावर घाटंजीकडच्या शिवारात रात्रीच्या ओलिताला गेलेल्या माणसाला घड्याळ लागत नाही. लाइन रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायचं, पाय चिखलात गारठलेले. आमच्या धुऱ्यापलीकडचे काका मान वर करायचे आणि म्हणायचे, "नांगर आला डोक्शावर, बारा वाजले समज बाप्पा." मी मोबाइल काढून पाहायचो. पंधरा-वीस मिनिटांचाच काय तो फरक.

हा नांगर मृग नक्षत्रातला. ओळीतले तीन तारे, ज्यांना गावोगाव तिकांडं म्हणतात, आणि त्यांच्याखाली लोंबणारी अंधूक ताऱ्यांची रेघ मिळून तो होतो. विदर्भातल्या गोंड वस्त्यांवर जाऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि विदर्भातले अभ्यासक गणेश हलकारे यांनी तिथलं आभाळ टिपून घेतलं. 2013 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातही हा नांगर आहे, सप्तर्षींच्या जागी खाट आहे आणि आकाशगंगा म्हणजे जनावरांची वाट आहे. त्या खाटेची गोष्ट आपल्याकडे गोंड वस्त्यांच्या बाहेरही सांगतात: म्हातारीची खाट चोरायला तीन चोर आले आहेत. शेपटातले तीन तारे ते चोर. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, कारण तिच्यात विज्ञानानं एक भर घातली आहे. खाटेचा एक कोपरा, क्रतू, आणि सर्वांत मागचा चोर, मरीची, हे दोघे उरलेल्या पाच ताऱ्यांच्या सोबतीचे नाहीत. ते वेगळ्याच दिशेनं चालले आहेत. हजारो वर्षांनी ही खाट मोडणार आहे.

तर नांगर. डिसेंबरात बाराला डोक्यावर येणारा नांगर जानेवारीच्या मध्यावर दहालाच येतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, महिन्याला दोन तास. काकांनी हा हिशेब कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता, पण महिना बदलला की त्यांचं घड्याळही ते बरोबर बदलून घेत.

तिकांड्याच्या एका बाजूला, उत्तरेकडे, तांबूस तारा दिसतो. तो काक्षी. दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडे, निळसर पांढरा राजन्य. तारे सगळे पांढरेच, असं आपण धरून चालतो. या दोघांकडे पाच मिनिटं आळीपाळीनं पाहिलं की तो समज जातो. रंग का वेगळा, हे विचारायला वेधशाळेत जायची गरज नाही. पेरणीच्या आधी लोहाराकडे फाळ घेऊन जा आणि भट्टीशी बसा. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आला आहे, एवढंच. निखाऱ्यात खुपसलेलं लोखंड आधी काळंच राहतं, मग मंद लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि फारच तापलं तर पांढऱ्याकडे झुकतं. लोहार थर्मामीटर लावत नाही. रंग पाहून सांडशीनं फाळ उचलतो, ऐरणीवर ठेवतो आणि घण घालतो.

ताऱ्याचं तापमान खगोलशास्त्रज्ञ याच नियमानं ओळखतात. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे 3,300 अंश सेल्सिअस. लोहाराच्या भट्टीपेक्षा कितीतरी तापलेला, पण ताऱ्यांमध्ये थंडच. आपला सूर्य साडेपाच हजार अंशांच्या आसपास, म्हणून पिवळसर पांढरा. राजन्य बारा हजारांच्या घरात, म्हणून निळसर. निळा हा सर्वांत तापलेला रंग आहे, हे नळाच्या तोटीवर थंड पाण्यासाठी निळी खूण पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

रंगावरून ताप कळला. ताऱ्यात आहे काय, हे कशावरून? प्रकाश लोलकातून फाकवला की त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गावरून आणि पुढे गुंटूरवरून गेली, त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी रेघ सापडली. तोच हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागला 1895 साली, म्हणजे सूर्यात सापडल्यावर सत्तावीस वर्षांनी.

तारा तापतो कशानं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून हेलियम होतो. दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो आणि त्यातल्या 40 लाख टनांची ऊर्जा होते. एवढा खर्च करूनही सूर्य 460 कोटी वर्षं टिकला आहे आणि जवळपास तेवढाच पुढेही टिकेल. काक्षीचं तसं नाही. त्याचं वजन सूर्याच्या पंधरा-वीस पट, पण भूक हजारो पटींनी जास्त. जेमतेम एक कोटी वर्षांत तो म्हातारा झाला आहे. इतका फुगला आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळासकट चार ग्रह पोटात घेईल. 2019 च्या अखेरीस तो अचानक मंदावला, फेब्रुवारी 2020 पर्यंत नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. त्यानं स्वतःच बाहेर फेकलेल्या धुळीचा पडदा आड आला होता.

नांगराच्या फाळाशी, त्या लोंबत्या रेघेच्या मधोमध, धुक्यासारखा एक ठिपका आहे. साध्या दुर्बिणीतूनही तो ढगासारखा दिसतो. तिथे वायू आणि धूळ आकसून नवे तारे तयार होत आहेत. अंतर सुमारे 1,350 प्रकाशवर्षं. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, पण हा आकडा मनात मावत नाही. त्यापेक्षा असं पाहावं: राजन्य सुमारे 860 प्रकाशवर्षांवर आहे. आज रात्री त्याचा जो प्रकाश डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा ज्ञानेश्वरांचा जन्मही झालेला नव्हता.

आता त्या फाळाच्या लोखंडाकडे येतो, कारण सगळा विषय मला तिथेच घेऊन जातो. काक्षीसारख्या जड ताऱ्यात हायड्रोजन संपला की हेलियम पेटतो, मग कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक पायरी आधीपेक्षा झटपट उरकते. सिलिकॉनपासून लोखंड बनायला तर काही दिवस पुरतात. आणि लोखंडाशी चूल विझते, कारण लोखंडाची अणुकेंद्रं आणखी मिसळून ऊर्जा निघत नाही, उलट घालावी लागते. आतून टेकू देणारी आच गेली की सेकंदभरात गाभा कोसळतो आणि बाहेरचा तारा स्फोटात उधळला जातो. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात शिजतात हे सविस्तर मांडणारा निबंध 1957 साली निघाला. त्याच्या चार लेखकांपैकी फ्रेड हॉइल हे जयंत नारळीकरांचे गुरू. ताऱ्यांचं हे शास्त्र साध्या मराठीत घरोघरी पोचलं त्यात नारळीकरांचा वाटा फार मोठा, आणि मे 2025 मध्ये ते गेल्यावर ती जागा रिकामी आहे.

नागपूर जिल्ह्यात नायकुंडच्या उत्खननात लोखंड वितळवायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. पण त्या भट्टीत लोखंड फक्त वेगळं काढलं गेलं. ते तयार झालं होतं आपल्या सूर्याच्याही आधी, मरून गेलेल्या ताऱ्यांमध्ये. स्फोटात ते उधळलं, ज्या ढगातून सूर्य आणि पृथ्वी झाली त्यात मिसळलं, आणि आज फाळ होऊन काळ्या मातीत शिरतं आहे.

गेल्या डिसेंबरात हे सगळं मी काकांना बांधावर बसून सांगितलं. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं.

"म्हंजे त्या लाल चांदनीत फाळाचं लोखंड अजून शिजाचंच हाय का?"

"हो काका, अजून व्हायचं आहे. लाखभर वर्षांत कधीतरी."

"मंग आपलं जुनंच म्हना," म्हणत ते उठले, फावडं उचललं आणि पुढच्या सरीचं तोंड उघडून दिलं.