चौथा पाद : मुरलीकांत पेटकर यांच्या निमित्ताने

२०२४ च्या जूनमध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यानंतर आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार कानी येऊ लागला. पाठीच्या कण्यास इजा झालेल्या तरुणाला घेऊन आलेले वडील किंवा थोरले बंधू विचारतात, ‘‘त्या पेटकरांना नऊ गोळ्या लागल्या होत्या, तरी त्यांनी सुवर्णपदक आणलं. मग आमचा पोरगा का उठणार नाही, वैद्यराज?’’ या प्रश्नामागील आशा आम्ही जाणतो. परंतु तिच्या पोटात एक गैरसमज दडलेला आहे. पेटकरांचे पाय बरे झाले म्हणून त्यांना पदक मिळाले नाही. पायांतील बळ गेलेले असतानाच ते मिळाले. हा भेद रुग्णाच्या घरच्यांस नीट समजावून सांगणे हे आपणा वैद्यांचे काम, आणि ते आपण पुष्कळदा टाळतो.

कोल्हापुरातून पुण्याच्या वाटेने निघून वारणा ओलांडली की काही वेळाने सांगली जिल्ह्यातील पेठचा नाका लागतो. याच पेठ गावी १९४४ साली मुरलीकांत पेटकरांचा जन्म झाला. आपल्या भागातील कोणत्याही मुलाप्रमाणे त्यांचे पहिले वेड कुस्तीचे. पुढे ते सैन्यात गेले आणि ई.एम.ई. या दलात मुष्टियुद्धात नावारूपास आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात, वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर, गोळ्यांच्या वर्षावात ते कोसळले आणि वरून एक वाहनही अंगावरून गेले, अशी हकिकत त्यांनीच मुलाखतींतून सांगितली आहे. शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालील शरीर लुळे पडले होते. एक गोळी कण्यातच राहिली. ती काढण्यात आली नाही.

शल्य शरीरात असेतो रुग्ण जगतो आणि ते उपटताच प्राण जातो, अशा विशल्यघ्न मर्मांची आठवण वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही. अर्थात सुश्रुताचार्यांनी सांगितलेली ती तीन मर्मे शिरोभागी आहेत, पाठीत नव्हेत. तेव्हा साम्य ओढूनताणून लावण्यात अर्थ नाही. अधिक जवळचे आहे ते कुकुंदर मर्म. पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या या मर्माच्या विद्धतेने अधःकायाचे स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होतात, असे शारीरस्थानात सांगितले आहे. आजच्या भाषेतील कमरेखालच्या पक्षाघाताचे याहून नेमके वर्णन दोन शब्दांत करणे कठीण. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, आचार्यांनी कुकुंदराची गणना सद्यःप्राणहर मर्मांत न करता चव्वेचाळीस वैकल्यकर मर्मांत केली आहे. म्हणजे वैकल्य निश्चित, पण आयुष्य शिल्लक. त्या शिल्लक आयुष्याचे काय करायचे, हा प्रश्न रुग्णापुढे उभा राहतो.

पेटकरांपुढे तो मुंबईच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उभा राहिला. तेथे उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. पाणी शरीराचा भार उचलते. पाय निश्चेष्ट असले तरी खांदे आणि भुजा शरीर पुढे ओढू शकतात. मुष्टियोद्ध्याचे खांदे तर शाबूत होते! उपचार म्हणून आरंभलेले पोहणे पुढे खेळ झाले. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. अशा खेळाडूंच्या परदेशवारीचा खर्च त्या काळी कोणी सहजी उचलत नसे. ख्यातनाम क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्या कामी साहाय्य केले. चतुष्पादांतील उपस्थाता म्हणजे केवळ उशाशी बसणारा नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदविली. तो त्या गटातील जागतिक विक्रम ठरला आणि भारताचे पॅरालिम्पिकमधील ते पहिले सुवर्णपदक. इजा होऊन सात वर्षे लोटली होती. चित्रपटात ही सात वर्षे झपाट्याने सरतात. शय्येवर मात्र ती एकेक दिवसाने मोजावी लागतात.

चरकाचार्यांनी रोगी या चौथ्या पादाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. खेळाडू रुग्णाच्या ठायी अभीरुत्व बहुधा भरपूर असते. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत लहानपणापासून लाल माती अंगाला लावलेला मल्ल वेदनेला घाबरत नाही. त्याला उणीव भासते ती निर्देशकारित्वाची. ‘सहा आठवडे जोर मारू नको’ असे सांगितले तर तो तिसऱ्या आठवड्यात लपून आखाड्यात उतरतो. त्याची श्रद्धा स्वतःच्या शरीरावर असते आणि ते शरीर तर बदललेले असते. पेटकरांचा निश्चय आम्हांस मोठा वाटतो तो येथे. शरीर बदलल्याचे मान्य करून त्यांनी आपल्या श्रद्धेलाही नवा मार्ग दिला. सत्त्वावजय चिकित्सा आपण पुस्तकात वाचतो, परंतु प्रवर सत्त्वाचा रुग्ण म्हणजे जो रडत नाही तो, अशी आपली भाबडी समजूत असते. रडूनही दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरतो, तोही प्रवर सत्त्वाचाच.

प्रत्येक निश्चयाचे पर्यवसान पदकात होते असेही नाही. हेलसिंकी येथे १९५२ साली कांस्यपदक मिळविणारे, आमच्या राजाराम महाविद्यालयाचे खाशाबा जाधव गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिम्पिकला मुकले. त्यांचा निर्धार कमी होता असे कोण म्हणेल?

आता थोडे आपल्या घरातले. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याच्या रुग्णांसाठी विभाग उघडला. पॅरालिम्पिकचे मूळ तेथेच. १९४८ साली त्यांनी सोळा अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली होती. तोवर असे रुग्ण बहुतेक वेळा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी दगावत. गुटमन यांनी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा दंडक घातला. यात दिव्य औषध कोणतेच नव्हते. आमच्याकडे आणलेल्या तरुणांत मात्र कित्येकदा तेलाचा वास घमघमतो आणि माकडहाडावर तळहाताएवढा व्रण असतो.

त्याहून वाईट प्रकार स्वेदनाचा. ज्या अंगास स्पर्श कळत नाही, त्यास दाहही कळत नाही. पोट्टली किंवा गरम पाण्याची पिशवी किती तापली, हे तो रुग्ण सांगू शकत नाही. येथे ज्ञापकत्वच हरपलेले असते. घरच्या मंडळींनी मायेने दिलेल्या शेकाने भाजलेल्या पोटऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. पायांत बळ आणण्यासाठी जोराने केलेल्या ताणाने, हालचालीअभावी ठिसूळ झालेले हाड मोडू शकते. एका पायास अकस्मात सूज व उष्णता आली तर मर्दन तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात धाडावे. शिरेत रक्त गोठलेले असण्याचा संभव असतो. आणि मैदानात मान वा पाठ दुखावलेल्या मल्लास चौघांनी हातापायांस धरून उचलणे, मानेस हिसडा देणे, हे प्रकार तर सर्वथा वर्ज्य. २०१८ साली आपल्याच जिल्ह्यातील एका मैदानात मानेस इजा झालेला कोवळ्या वयाचा मल्ल पुढे रुग्णालयात मरण पावला. तो दिवस येथील तालमी विसरलेल्या नाहीत.

असाध्य व्याधी हाती घेणाऱ्या वैद्याचे अर्थ, विद्या आणि यश या तिहींची हानी होते, असा इशारा चरकाचार्यांनी दिला आहे. आज अर्थाची हानी वैद्याची न होता रुग्णाच्या बापाची होते, एवढाच फरक. मज्जारज्जू पूर्ण तुटला आहे की अंशतः, हे तपासणीतून कळल्याविना ‘सहा महिन्यांत चालवतो’ असे म्हणणारा आपल्यातला असो वा बाहेरचा, तो त्या तरुणाची सात वर्षे हिरावून घेत असतो. औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. महानारायण तेलाची सहावी बाटली नेणाऱ्या बापाला पैसे परत देताना एवढे विचारावे की, मुलाची कूस कोण बदलतो, पाठीवर कुठे लाली आहे का आणि चाकाची खुर्ची घेतली का. हे विचारल्याने तेलाचा खप घटेल असे आम्हांस वाटत नाही.

हायडेलबर्गनंतर पेटकरांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री त्यांस २०१८ साली मिळाली; अर्जुन पुरस्कार त्याहूनही उशिरा, २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. राष्ट्रपती भवनातील त्या समारंभात ते कुबड्यांच्या आधारे पुढे गेले. आमच्या भिंतीवर त्या प्रसंगाचे वृत्तपत्रातील छायाचित्र लावले आहे. परवा कमरेखाली संवेदना नसलेल्या एका तरुणाने ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, ‘‘पोहायला कुठं शिकवतात, डॉक्टर?’’ त्याचे वडील अजून तेलाची चौकशी करीत होते.